खांदशेकणी

"काय लावलंय बैलांना?" मी तिसऱ्यांदा विचारलं.

"लोनी-हयद. खांदशेकनीले दुसरं काय लावतात?" शेषराव गावंडे म्हणाले. आवाजात राग होता, पण तो माझ्यावरचा नव्हता. त्यांच्या अंगणात लाखमोलाची जोडी आडवी होत होती आणि त्यांना काही सुचत नव्हतं.

पोळ्याची सकाळ, आठचा सुमार. कवड्या कुशीवर पडून पाय झाडत होता. तोंडातून लाळेच्या तारा गळून हनुवटीखाली चिखल झाला होता. बांड्या अजून उभा होता, पण त्याच्या मांड्यांची कातडी नुसती थरथरत होती. मी बघत असतानाच त्याचे पुढचे पाय दुमडले आणि तोही बसला.

गावंड्यांच्या कुंपणाभोवती चाळीस-पन्नास माणसं जमली होती. पोळ्याच्या दिवशी बैल पडणं म्हणजे सगळ्या गावाला अपशकुन. शिवाय बाईमाणूस बैलाला सुई टोचते कशी, हा तमाशा चिंचमाळला अजून नवा होता. मी आटपाडीकडच्या मेंढपाळाची पोर. शिष्यवृत्तीवर शिकून जनावरांची डॉक्टर झाले आणि पहिली नेमणूक मिळाली ती थेट यवतमाळ जिल्ह्यात. वय सव्वीस. येऊन पाच महिने झाले होते आणि तोवर लोकांनी माझ्याकडे आणल्या त्या शेळ्या आणि कोंबड्या. बैल घेऊन ते पुढच्या गावच्या डॉक्टरकडे जात. आज तो डॉक्टर सणाला गावी गेला होता, म्हणून मी.

मी रबरी हातमोजे चढवले आणि कवड्याची पापणी उलटी केली. बाहुली आकसून रेघेएवढी उरली होती. लाळ, डोळ्यांना पाणी, घाम, जुलाब, आकसलेली बाहुली. ही यादी आमच्या सरांनी इतकी घोकून घेतली होती की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी सांगितली असती.

कीटकनाशकं म्हणजे सगळी एका माळेचे मणी नव्हेत. जुनी क्लोरीनवाली असतात, डीडीटीच्या घराण्यातली, चरबीत शिरली की वर्षानुवर्षं मुक्काम ठोकणारी. शेवंतीच्या जातीच्या एका फुलावरून बेतलेली असतात, ती किड्यांचा काळ, पण जनावर ती बऱ्यापैकी सोसतं. आणि असतात फॉस्फरसवाली. ती मज्जातंतूंवर बसतात. तंतूनं दिलेला हुकूम काम झाल्यावर पुसला जायला हवा, तो पुसलाच जात नाही. मग अंगातून जे जे गळू शकतं ते गळत राहतं, आणि शेवटी जनावर स्वतःच्याच छातीतल्या पाण्यात बुडतं. उतारा एक, ॲट्रोपिन. श्वास मोकळा होईपर्यंत देत राहायचं.

"हे लोणी-हळदीचं काम नाही," मी म्हणाले. "विष आहे हे. खांदशेकणी कोणी केली?"

खांदशेकणी म्हणजे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचा खांदा मळायचा. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या त्या जागी कोमट लोणी-हळद चोळायची, पळसाच्या पानांनी शेकायचं आणि बैलाच्या कानात आमंत्रण द्यायचं, 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.' हा मान ज्याच्या हाती कासरा असतो त्याचा.

गावंड्यांकडे तो मान डोमाजीचा होता. डोमाजी त्यांचा सालदार, एकोणीस वर्षं त्याच घरी. पन्नाशीचा, काटकुळा माणूस. दोन्ही बैल गोऱ्हे होते तेव्हापासून त्यानंच वाढवलेले. आत्ता तो कवड्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. नाकही गळत होतं. तो अधूनमधून मनगटानं तोंड पुसत होता.

"डोमाजी, काय मिसळलंस लोण्यात?"

त्यानं मान खाली घालून कवड्याच्या तोंडाची लाळ पुसली.

"अरे बोल नं बाप्पा!" शेषराव ओरडले. "बैल मरून रायले तिकडे!"

"मोनो," तो म्हणाला. "अर्धी वाटी टाकलं, मालक. गोचिडासाठी."

मोनो म्हणजे मोनोक्रोटोफॉस. कपाशीवर मारायचं, डबीवर लाल त्रिकोण असलेलं, फॉस्फरसवाल्यांतलंही जहाल. ते पाण्यात असतं तरी वाईटच. लोण्यात घालून चोळलं तर ते कातडीत मुरत जाणार, आणि वरून बैल अंग चाटणार. रात्रभर दोघांनी एकमेकांचे खांदे चाटले असणार.

"कोणत्या गाढवानं सांगितलं तुला हे?"

डोमाजीनं पहिल्यांदा मान वर केली. भाबडेपणानं, जराही खोच न ठेवता तो म्हणाला, "तुमीच म्हनलं होतं नं बाई. गोचिडाची दवाई अन् पऱ्हाटीची दवाई, भाऊ-भाऊ हायेत म्हनून."

सगळ्या नजरा माझ्यावर आल्या.

म्हणाले होते मी. पंधरा दिवसांपूर्वी पारावर गोचीड निर्मूलनाचं शिबिर घेतलं होतं. लोक औषध घ्यायला बिचकत होते, म्हणून मी मोठ्या ऐटीत म्हणाले, "घाबरता काय, हे तुमच्या कपाशीवरच्या औषधाचंच भावंड आहे!" सगळे हसले आणि बाटल्या संपल्या. माझं खोटंही नव्हतं. मी दिलं ते फुलावरून बेतलेल्या जातीतलं होतं आणि त्यातलंच एक कपाशीवरही मारतात. पण कपाशीवर पाच जातींची औषधं मारतात, हे सांगायचं मी विसरले. डोमाजी रांगेत शेवटी होता. त्याला बाटली मिळाली नव्हती.

त्या क्षणी मी काय करायला हवं होतं ते आज मला नीट दिसतं. तेव्हा मला दिसत होती ती पन्नास माणसांची तोंडं. चूक माझी आहे हे त्यांना कळायच्या आत ती दुसऱ्या कोणाची तरी व्हायला हवी होती.

"मी असं लोण्यात घालून चोळायला सांगितलं होतं?" मी ओरडले. "औषधाची जात वेगळी, मात्रा वेगळी, आणि तू वाटीनं ओततोस? ऊठ. साबण आण, पाणी आण. तुझ्या हातांनी लावलंस ना? आता तुझ्याच हातांनी काढ. एक थेंब अंगावर राहता कामा नये."

"हो बाई," डोमाजी म्हणाला. तो उठला, जरा लडखडला आणि बादली आणायला गेला.

हातमोज्यांचा माझ्याकडे एकच जोड होता. तो माझ्या हातात होता.

माझा परिचर गुलाबराव दवाखान्यातून ॲट्रोपिनचा खोका घेऊन आला. शंभर अँप्यूल. माणसाला सुरुवातीला तीन-चार पुरतात, बैलाला पन्नास-साठ लागतात. गुलाबराव एकेका अँप्यूलची काचेची मान मोडत होता, मी पिचकारीत ओढून टोचत होते. थोडं शिरेत, उरलेलं कातडीखाली. डोमाजी उघड्या हातांनी बैलांचे खांदे, मानेखाली लोंबणारी कातडीची पोळी, पोट घासत होता. लोण्याचा पिवळा फेस त्याच्या कोपरापर्यंत आला होता. साबण लागला की लोणी सुटायचं, आणि सुटलेलं सगळं त्याच्याच अंगावर यायचं.

"अजून घास. पोळीखाली राहिलंय."

"हो बाई."

दहा वाजता शंभर अँप्यूल संपले. बांड्याचा श्वास थोडा मोकळा झाला होता, कवड्याचा नव्हता.

"गुलाबराव, सरकारी दवाखान्यात जा. माणसांच्या. तिथं ॲट्रोपिन असेल ते सगळं माग. माझ्या नावावर, मी चिठ्ठी देते."

"सगळं, बाई?"

"सगळं."

तिथले डॉक्टर सणाला गेलेले. कंपाउंडरनं चिठ्ठी बघून असतील नसतील ते चाळीस अँप्यूल दिले. गुलाबराव सायकलवर परत आला तेव्हा ऊन चढलं होतं. श्रावण सरतानाचं ते ऊन, आभाळ दाटलेलं आणि अंगाची नुसती काहिली.

तिसाव्या अँप्यूलनंतर कवड्याच्या छातीतली घरघर थांबली. लाळ आटली. गुलाबराव हळूच म्हणाला, "बाई, दहा ठेवू का मांगं? लागलं सवरलं तं?"

"कशाला? अर्धवट उपचार नको. घाल सगळे."

त्यानं पुढचा अँप्यूल फोडला. मग डोमाजीकडे बघत म्हणाला, "डोमाजीले घाम लय येऊन रायला."

"उन्हात घासतोय, येणारच."

"ओकलाही थो मघा. कोठ्याच्या मांगं."

"सकाळपासून पोटात अन्न नाही, डोक्यावर काळजी," मी म्हणाले. "माझंही डोकं उठलंय, गुलाबराव. पिचकारी दे."

डोमाजीनं ते ऐकलं असावं. तो माझ्याकडे बघून ओशाळं हसला. डोळे गळतच होते. "मले काई नाई झालं बाई," तो म्हणाला. "तुमी बैल पाहा."

मी बैल पाहिले.

दोनच्या सुमाराला बांड्या उठला. पाठोपाठ कवड्यानं एक हिसका दिला, मागचे पाय सावरले आणि तोही उभा राहिला. कुंपणापलीकडून असा ओरडा झाला की कुत्री भुंकायला लागली. कोणीतरी माझ्यापुढे नारळ फोडला. गावंडेकाकू, शेषरावांच्या घरच्या, आरतीचं ताट घेऊन आल्या, आधी बैलांना कुंकू लावलं आणि मग मला. "बाई नोहे, माय हाये माय," एक म्हातारा म्हणाला. पाच महिन्यांत त्या गावानं मला इतकं कधी दिलं नव्हतं. मला रडू आलं, ते मी लपवलंही नाही. खरं सांगते, माझ्या सगळ्या नोकरीत इतका आनंद मला पुन्हा झाला नाही.

"डोमाजी!" शेषरावांनी हाक मारली. "बैल घे, आज तोरनाखाली आपलीच जोडी पयली! कुठं गेला हा?"

गोठ्यामागे पाण्याच्या टाक्याला टेकून तो बसला होता. मान छातीवर पडलेली. तोंडाला फेस, धोतर ओलं, दंडाचे स्नायू कातडीखाली नुसते वळवळत होते. सकाळी बांड्याच्या मांड्या थरथरत होत्या, अगदी तसेच. मी त्याची पापणी वर केली. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होती.

लाळ, डोळ्यांना पाणी, घाम, जुलाब, आकसलेली बाहुली. सकाळी आठपासून ती सगळी यादी माझ्यासमोर चालत बोलत होती, 'हो बाई, हो बाई' म्हणत होती.

"गुलाबराव, ॲट्रोपिन!"

गुलाबरावानं नुसतं अंगणाकडे बोट केलं. तिथं फुटलेल्या काचांचा ढीग होता.

मी त्या ढिगाशी गुडघे टेकले. एकेक अँप्यूल उचलून तळाशी राहिलेला थेंब पिचकारीत ओढत गेले. बोटं कापली. एकशे चाळीस अँप्यूल, आणि त्यातून निघालं जेमतेम दोन मिली. ते मी त्याच्या दंडात टोचलं. अंगावरचे कपडे फाडून काढले, पाणी ओतलं. मग शेषरावांच्या ट्रॅक्टरला लावलेल्या पताका तोडून त्याला ट्रॉलीत घातलं. तालुक्याचा दवाखाना बत्तीस किलोमीटर. वाटेत प्रत्येक गावात बैल रस्त्यावर, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरं. आम्ही हॉर्न वाजवत होतो आणि लोक सणाचा ट्रॅक्टर समजून हात हलवत होते.

मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. घशातली घरघर ट्रॅक्टरच्या आवाजातही ऐकू येत होती. अर्ध्या वाटेवर त्यानं एकदा डोळे उघडले.

"उठले?" त्यानं विचारलं.

"उठले, डोमाजी. दोघंही उठले."

त्यानं मान हलवली. दवाखान्याचं फाटक दिसायच्या आधीच घरघर थांबली.

संध्याकाळी पोलीस ठाण्यातून जमादार आला. शेषरावांनी त्याला ओसरीवर बसवलं. गोठ्याच्या वळचणीला मोनोची अर्धी रिकामी डबी सापडली होती. "शरमेनं पेला असन," शेषराव म्हणाले. "आपल्या हातानं जोडी मारत होता नं. मनाले लागलं त्याच्या. सकायपासून रडून रायला होता."

"मॅडम, तुम्ही पाहिलं त्याला पिताना?" जमादारानं विचारलं.

"नाही."

"पण मेला तो विषानंच?"

"हो."

"रडत होता?"

मी शेषरावांकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत होते. त्यांच्याच सालदाराला त्यांच्याच अंगणात कोणी, कशाला, किती वेळ धुवायला लावलं हे त्यांनाही ठाऊक होतं. ते बोलले असते तर मला बोलावं लागलं असतं, आणि मी बोलले असते तर त्यांना. गुलाबराव दाराशी उभा होता. तो माझ्याकडे बघत होता.

"हो," मी म्हणाले. "रडत होता."

जमादारानं तसं लिहिलं. मी खाली सही केली, हुद्द्यासकट.

तेराव्यानंतर मी डोमाजीच्या घरी गेले. जायचं नव्हतं, पण गुलाबराव म्हणाला, "बाई, एकदा जाऊन या." त्याच्या तोंडून त्या दिवसानंतर आलेलं हे पहिलंच वाक्य, म्हणून गेले. डोमाजीची बायको पार्बता दारात सुपात तूर पाखडत होती. मला बघून तिनं घाईनं पोतं अंथरलं.

"तुमी लय केलं बाई," ती म्हणाली. "मांडीवर डोस्कं घेतलं म्हने त्याचं. एवढ्या मोठ्या डॉक्टरीनबाई तुमी."

मला तिथून पळून जावंसं वाटलं.

ती पाखडत राहिली. जरा वेळानं म्हणाली, "त्या सांजेले बैलायची खांदशेकनी करून आला तं लय खुशीत होता थो. वाटीत उरलेलं लोनी घरी आनलं. म्हने बैलायचे खांदे दुखतात तसे माये घुडगे दुखतात. दोन्ही घुडग्यायले लावलं अन् तसाच निजला. मेल्यावर आंघोय घातली तं हयद तशीच होती घुडग्यावर."

रात्रभर त्याच्या अंगात ते मुरत होतं. सकाळी मी आले तेव्हा तो आधीच आजारी होता, आणि मी त्याला कामाला लावलं.

पार्बतानं सूप खाली ठेवलं. "एक इचारू का बाई? लोक म्हनतात शरमेनं पेला. पन बैल तं उठले होते नं? जोडी वाचली म्हनते गाव. मंग थो काहून मरन?"

तिनं अगदी सरळ विचारलं होतं. त्या गावात फक्त तिलाच तो प्रश्न पडला होता. उत्तर माझ्याकडे होतं, जिभेवर होतं. ती माझ्याकडे बघत होती आणि तिला माझ्याबद्दल कसलाच संशय नव्हता.

"लाज वाटली असेल," मी म्हणाले.

तिनं सुपातली तूर एकदा हातानं सारखी केली. मग मान हलवली.

"लाजराच होता थो," ती म्हणाली आणि माझ्यासाठी चहा ठेवायला आत गेली. मी तो चहा प्यायले.

महिन्याभरात मी बदली मागून घेतली. पुढे तीस वर्षं नोकरी केली, निवृत्त होताना शाल-श्रीफळ घेतलं. चिंचमाळचे दोन बैल सव्वीस वर्षांच्या पोरीनं मरणाच्या दारातून ओढून आणले, ही गोष्ट त्या समारंभात कोणीतरी सांगितली. टाळ्या पडल्या. मी उठून काही बोलले नाही.

गेल्या पौषात पार्बता गेली. गुलाबरावाच्या मुलीनं कळवलं. शेवटपर्यंत कोणी विचारलं तर ती हेच सांगायची म्हणे, की माझ्या माणसानं बैलांच्या लाजेपायी जीव दिला. आता जिला हे सांगायला हवं होतं ती नाही, आणि म्हणूनच मला सांगायचं धैर्य झालं आहे. माझं धैर्य हे असंच आहे.

डोमाजी काही प्यायला नव्हता. तो रडतही नव्हता. मी सांगितलं म्हणून तो बैल धूत होता.